पहिल्या क्रमांकाची प्रोसेस : लिनक्सवरील सिस्टिमडी आणि त्याचे जर्नल

लिनक्सवर चालणारा सर्व्हर सुरू होतो तेव्हा त्याचा गाभा, म्हणजे कर्नेल, आधी मेमरीत उतरते, यंत्राच्या भागांची ओळख करून घेते आणि मग वापरकर्त्याच्या बाजूचा एकच प्रोग्रॅम चालू करून त्याला १ हा क्रमांक देते. चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात आणि अशा प्रत्येक प्रोसेसला कर्नेलकडून एक क्रमांक मिळतो, ज्याला पीआयडी म्हणण्याचा प्रघात आहे. वेबसर्व्हर असो, डेटाबेस असो की ठरल्या वेळी बॅकअप घेणारी स्क्रिप्ट असो, वापरकर्त्याच्या बाजूला पुढे जे जे चालते ते थेट किंवा काही पिढ्यांच्या अंतराने या पहिल्या प्रोसेसचेच अपत्य असते. एखाद्या प्रोसेसची जनक प्रोसेस आधी संपली, तर पोरकी झालेली ती प्रोसेस कर्नेल सामान्यतः पहिलीच्याच पदरात टाकते. आणि ही पहिलीच बंद पडली, तर कर्नेल पुढे चालण्यास नकार देते आणि यंत्र जागच्या जागी थांबते.

डेबियन, उबुंटू, फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स, सुसे, आर्च अशा बहुतेक प्रमुख डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे कर्नेलभोवती निवडक सॉफ्टवेअर बांधून तयार केलेल्या लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये, आज ही पहिली प्रोसेस 'सिस्टिमडी' असते. सर्व्हर सांभाळणाऱ्याचा तिच्याशी संबंध येतो तो टर्मिनलवरच्या दोन आज्ञांमधून: 'सिस्टिमसीटीएल' ही सेवा चालवणारी, थांबवणारी आणि त्यांची अवस्था सांगणारी, तर 'जर्नलसीटीएल' ही त्यांच्या नोंदी दाखवणारी. सिस्टिमडीची ओळख करून देताना यंत्र लवकर सुरू होते या गुणाचा उल्लेख बहुधा सर्वांत आधी केला जातो; परंतु जे यंत्र महिनोन्महिने बंदच होत नाही त्याच्या बाबतीत काही सेकंदांच्या बचतीला फारसा अर्थ नसतो. चालू असलेली प्रत्येक प्रोसेस नेमक्या कोणत्या सेवेची आहे आणि लॉगमधली प्रत्येक ओळ नेमक्या कोणत्या प्रोसेसने लिहिली आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे पूर्वी अंदाजाने द्यावी लागत आणि आता ती खात्रीने देता येतात, हे या यंत्रणेचे खरे कर्तृत्व आहे.

सिस्टिमडीच्या आधी लिनक्सवर जवळपास वीस वर्षे जी पद्धत रूढ होती तिला, १९८३ साली आलेल्या 'सिस्टिम फाइव्ह' या युनिक्सच्या आवृत्तीवरून, 'सिस-व्ही इनिट' असे नाव पडले होते. '/एटसी/इनिट.डी' या डिरेक्टरीत प्रत्येक सेवेसाठी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे क्रमाने लिहिलेल्या आज्ञांची फाइल, ठेवलेली असे आणि 'स्टार्ट', 'स्टॉप', 'रीस्टार्ट' हे शब्द तिला कळत. यंत्राची अवस्था 'रनलेव्हल' नावाच्या आकड्याने ठरत असे. रेड हॅटच्या परंपरेत १ म्हणजे दुरुस्तीपुरती एकट्या प्रशासकाची अवस्था, ३ म्हणजे नेटवर्कसह केवळ मजकुराचा पडदा आणि ५ म्हणजे खिडक्यांचा पडदा. स्क्रिप्टा क्रमांकानुसार, एक संपली की दुसरी, अशा चालत. ही रचना कोणालाही उघडून वाचता येत होती, शेल येणाऱ्याला बदलता येत होती, आणि तिच्याविषयी आजही काहींना वाटणारी ओढ या साधेपणातून आलेली आहे.

तिची उणीव मात्र मुळातच होती. सेवा म्हणून पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, ज्याला युनिक्सच्या परिभाषेत डीमन म्हणतात, सुरू होताच स्वतःची प्रत काढी आणि मूळ प्रोसेस संपवून टाकी, जेणेकरून तो टर्मिनलपासून सुटा व्हावा. परिणामी स्क्रिप्टने जिला जन्म दिला ती प्रोसेस केव्हाच संपलेली आणि प्रत्यक्ष राबणारी वेगळीच, अशी स्थिती होई. यावर तोड म्हणून डीमन आपला पीआयडी एका लहानशा फाइलीत लिहून ठेवी आणि थांबवण्याची वेळ आली की स्क्रिप्ट त्या फाइलीतल्या क्रमांकाला थांबण्याचा संकेत पाठवी. डीमन मध्येच कोसळला तर ती फाइल तशीच मागे राही. प्रोसेसचे क्रमांक त्या काळी बहुधा ३२,७६८ च्या मर्यादेपर्यंत जाऊन पुन्हा खालून वाटले जात, त्यामुळे तोच क्रमांक काही काळाने दुसऱ्याच कोणाकडे असण्याचा आणि 'स्टॉप' म्हणताच भलतीच प्रोसेस मारली जाण्याचा धोका होता. वेबसर्व्हरने सुरू केलेले उपप्रोग्रॅम तर मुख्य डीमन थांबल्यानंतरही मागे चालू राहू शकत, आणि ते कोणाचे हे सांगणारे काहीही यंत्रात नोंदलेले नसे.

दुसरी अडचण अनुभवी माणसालाही चकवणारी होती. प्रशासक स्वतःच्या टर्मिनलवरून अशी स्क्रिप्ट थेट चालवी तेव्हा त्याच्या सत्रातली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम कुठे शोधायचे, भाषा कोणती वापरायची यांसारख्या नामांकित सूचना, त्या सेवेला आपोआप मिळत. यंत्र सुरू होताना त्या मिळत नसत. म्हणून हाताने चालवलेली सेवा सुरळीत चाले आणि रात्री वीज जाऊन यंत्र पुन्हा चालू झाले की तीच सेवा उभी राहत नसे. या बाबतीत 'सिस्टिमसीटीएल' मुळातच वेगळी आहे, कारण ती स्वतः काहीच चालवत नाही. ती पहिल्या प्रोसेसला फक्त निरोप पाठवते आणि सेवा प्रत्येक वेळी त्या पहिल्या प्रोसेसच्याच हातून, त्याच कोऱ्या परिस्थितीत जन्माला येते, मग आज्ञा कोणीही आणि कुठूनही दिलेली असो.

जुन्या पद्धतीला पर्याय शोधणारे लिनक्सवाले पहिले नव्हते. सोलारिस १० मधील सेवा-व्यवस्थापन यंत्रणा आणि ॲपलची मॅकवरील 'लाँचडी' या दोन्ही २००५ सालच्या, तर उबुंटूने २००६ मध्ये 'अपस्टार्ट' आणले. सिस्टिमडीचे कर्ते लेनार्ट पॉटरिंग यांनी ३० एप्रिल २०१० रोजी प्रसिद्ध केलेल्या दीर्घ लेखात पहिल्या प्रोसेसने काय करावे याचा नव्याने विचार मांडला, त्यात लाँचडीचे ऋण उघडपणे मान्य केले होते. के सीव्हर्स हे या कामातले त्यांचे प्रमुख सहकारी होते. लाँचडीकडून घेतलेली मुख्य कल्पना अशी की, एखाद्या सेवेशी संपर्क साधण्याची जागा, म्हणजे सॉकेट, ती सेवा चालू होण्याआधीच पहिल्या प्रोसेसने उघडून ठेवावी. मग तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर सेवा ताबडतोब चालू करता येतात, त्यांनी पाठवलेले संदेश कर्नेलच्या रांगेत थांबतात आणि मूळ सेवा उभी राहिली की ती ते उचलून घेते. क्रम लावण्याचे पुष्कळसे काम यामुळे आपोआप नाहीसे होते. मे २०११ मध्ये आलेली फेडोरा १५ ही या पद्धतीवर मुळापासून उभी असलेली पहिली मोठी डिस्ट्रो ठरली.

त्याहूनही दूरगामी ठरला तो 'सीग्रुप'चा वापर. सीग्रुप ही कर्नेलची सोय आहे. गूगलमधील अभियंत्यांनी तिचे काम २००६ मध्ये हाती घेतले आणि २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ या कर्नेलमध्ये ती दाखल झाली. प्रोसेसचा गट बांधून त्या गटाला किती मेमरी, किती प्रोसेसर-वेळ द्यायचा हे ठरवण्यासाठी ती निर्माण झाली होती. सिस्टिमडीने तिचा एक गुण हेरला: गटातल्या प्रोसेसने कितीही प्रती काढल्या, जनक प्रोसेस संपली, नावे बदलली, तरी संतती त्याच गटात राहते आणि विशेष अधिकाराशिवाय गट सोडता येत नाही. प्रत्येक सेवेला स्वतंत्र गट दिल्यावर पीआयडी लिहिलेल्या फाइलींची गरजच बहुतांशी संपली. सेवा थांबवताना आधी सर्वांना आवरते घेण्याचा संकेत जातो, डीफॉल्टनुसार ९० सेकंद वाट पाहिली जाते आणि त्यानंतरही जे कोणी गटात उरले असेल ते सक्तीने संपवले जाते. यंत्र बंद होताना पडद्यावर दीड मिनिटाची मोजणी दिसते ती हीच. तिला वैतागणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ती कोणत्या सेवेने अडवली आहे याचे नावही त्याच ओळीत दिलेले असते.

सेवेचे वर्णन आता स्क्रिप्टऐवजी 'युनिट फाइल' नावाच्या छोट्या मजकुरी फाइलीत केले जाते. युनिटचे अकरा प्रकार आहेत. त्यांत सेवा, सॉकेट, माउंट, ठरल्या वेळी काम करणारा टायमर आणि जुन्या रनलेव्हलची जागा घेणारे टार्गेट हे रोजच्या व्यवहारातले. सेवेच्या फाइलीत साधारणपणे तीन भाग येतात: पहिल्यात वर्णन आणि इतर युनिटांशी असलेले नाते, दुसऱ्यात कोणता प्रोग्रॅम कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायचा आणि तो कोसळल्यास काय करायचे, तर तिसऱ्यात यंत्र सुरू होताना ही सेवा कोणत्या टार्गेटबरोबर यावी. डिस्ट्रोने दिलेल्या फाइली '/यूएसआर/लिब' खाली असतात आणि प्रशासकाच्या '/एटसी' खाली. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या तर प्रशासकाची वरचढ ठरते. 'सिस्टिमसीटीएल एडिट' ही आज्ञा मूळ फाइलीला हात न लावता फक्त बदललेल्या ओळींची जोड-फाइल तयार करते, ज्यामुळे पुढच्या अपडेटमध्ये प्रशासकाचे बदल पुसले जात नाहीत.

या फाइलींत सर्वाधिक चुका होतात त्या नात्यांच्या ओळींत. 'रिक्वायर्स' किंवा 'वॉन्ट्स' म्हणजे दुसरे युनिटही चालू झाले पाहिजे. 'आफ्टर' म्हणजे ते आधी आणि हे नंतर. ही दोन विधाने परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र आहेत, आणि केवळ 'रिक्वायर्स' लिहिले तर दोन्ही युनिटे एकदमच सुरू होतात. त्याचप्रमाणे 'आफ्टर' पुढे 'नेटवर्क.टार्गेट' लिहिल्याने नेटवर्क जोडले गेलेले असेल अशी समजूत सर्रास आढळते. ते टार्गेट नेटवर्कची व्यवस्था पाहणारी सेवा सुरू झाली एवढेच सांगते. पत्ता मिळून जोडणी झालेली असणे आवश्यक असेल तर 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' लिहावे लागते, तेही 'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर' या दोन्ही ओळींत.

आज्ञांमध्येही अशीच एक जोडी आहे. 'स्टार्ट' सेवेला आत्ता चालू करते, पण पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ती येईल याची हमी देत नाही. 'इनेबल' पुढच्या वेळची तजवीज करते, म्हणजे योग्य टार्गेटच्या डिरेक्टरीत एक दुवा तयार करते, पण सेवा आत्ता चालू करत नाही. '--नाऊ' हा पर्याय 'इनेबल'ला जोडला की दोन्ही साधते. 'मास्क' त्याहून कडक आहे: ती युनिटचे नाव '/डेव्ह/नल' या रित्या फाइलीकडे वळवते, त्यामुळे कोणीही, अगदी दुसऱ्या सेवेने गरज म्हणूनसुद्धा, ती सेवा चालू करू शकत नाही. फाइल बदलल्यानंतर 'डीमन-रीलोड' दिल्याशिवाय सिस्टिमडी जुनेच वर्णन धरून चालते.

एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांचा शोध देणारी 'ग्रंथसूची' नावाची सेवा आहे, तिची पायथॉन स्क्रिप्ट कोणीतरी विंडोजवर लिहून सर्व्हरवर चढवली आहे, आणि ती चालू होत नाही. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस ग्रंथसूची' असे विचारल्यावर पहिल्या ओळीतले चिन्ह लाल दिसते. 'लोडेड' या ओळीत युनिट फाइल कुठली वाचली आणि सेवा इनेबल आहे की नाही हे येते, 'ॲक्टिव्ह' या ओळीत 'फेल्ड' आणि केव्हापासून हे येते, आणि त्याखाली २०३ हा आकडा 'एक्झेक' या शब्दासह येतो. या आकड्याचा अर्थ असा की, प्रोग्रॅमच्या आत काही बिघडलेले नाही. तो प्रोग्रॅम सुरूच करता आला नाही. पुढे 'जर्नलसीटीएल -यू ग्रंथसूची' दिल्यावर फाइल किंवा डिरेक्टरी सापडली नाही, असे वाक्य वाचायला मिळते, जरी स्क्रिप्ट डोळ्यांसमोर जागच्या जागी असली तरी. न सापडलेली वस्तू असते स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत सांगितलेला पायथॉन: विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य जादा चिन्ह ठेवते, ते चिन्ह कर्नेल पायथॉनच्या नावाचाच भाग समजते आणि त्या नावाची फाइल अर्थातच कुठे नसते. २०३ ऐवजी २१७ दिसला असता, तर फाइलीत लिहिलेला वापरकर्ताच यंत्रावर नाही असा अर्थ झाला असता.

याच सेवेच्या फाइलीत, कोसळल्यास पुन्हा चालू करावी, अशी ओळ असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. डीफॉल्टनुसार सिस्टिमडी १०० मिलिसेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते आणि दहा सेकंदांत पाच वेळा सुरुवात झाली की फार भराभर प्रयत्न झाले असे नोंदवून नाद सोडते. पण थांबण्याचा काळ पाच सेकंद असा वाढवला, जो सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो, तर दहा सेकंदांत पाच प्रयत्न होणेच अशक्य ठरते. मर्यादा कधीच गाठली जात नाही आणि मोडकी सेवा दिवसेंदिवस उठत-पडत राहते. 'सिस्टिमसीटीएल --फेल्ड' या यादीत ती बहुधा सापडतही नाही, कारण बहुतेक क्षणी तिची अवस्था 'फेल्ड' नसून 'पुन्हा सुरू होत आहे' अशी असते.

आता नोंदींकडे वळता येईल. युनिक्सच्या जगात लॉग ठेवण्याची प्रमाण पद्धत 'सिसलॉग' ही एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली येथे 'सेंडमेल' या टपाल-प्रोग्रॅमच्या सोबत तयार केली. शून्य म्हणजे आणीबाणी ते सात म्हणजे केवळ दोष शोधण्यापुरती माहिती, अशी तिची आठ पायऱ्यांची तीव्रता-श्रेणी आजही जशीच्या तशी वापरात आहे. नोंद म्हणजे साध्या मजकुराची एक ओळ, तीत वेळ, यंत्राचे नाव, प्रोग्रॅमचे नाव आणि संदेश. परंपरागत ओळीतल्या तारखेत साल नसे आणि वेळेचा विभागही नसे. याहून गंभीर बाब ही की, प्रोग्रॅमचे नाव प्रोग्रॅम स्वतःच सांगत असे. कोणीही साधा वापरकर्ता लॉगिनची सेवा असल्याचे भासवून हवी ती ओळ लॉगमध्ये घालू शकत असे.

सिस्टिमडीचे 'जर्नल' २०११ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले तेव्हा त्याचा रोख याच दोषावर होता. जर्नलमधली प्रत्येक नोंद म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा संच असतो. त्यातला संदेश प्रोग्रॅमने दिलेला असतो, परंतु पीआयडी, वापरकर्ता, प्रोग्रॅमचा खरा मार्ग, सेवेचे नाव, यंत्राच्या या वेळच्या सुरुवातीचा क्रमांक ही माहिती जर्नल स्वतः कर्नेलकडून मिळवते आणि अशा जोड्यांच्या नावाआधी अधोरेषा ठेवते, जी प्रोग्रॅमला स्वतः लिहिता येत नाही. सरकारी कचेरीत अर्जदार अर्जात काहीही लिहो, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मात्र आवक-जावक कारकूनच मारतो. जर्नलची अधोरेषा हा तसा शिक्का आहे. सेवेचे नाव सीग्रुपवरून कळत असल्यामुळे तिच्या नातवंड प्रोसेसने लिहिलेली ओळही बिनचूक त्याच सेवेच्या खात्यात जमा होते. सेवा सांभाळणे आणि लॉग ठेवणे ही दोन कामे एकाच यंत्रणेकडे का आली याचे उत्तर इथे मिळते.

सेवेने पडद्यावर छापायचा म्हणून लिहिलेला मजकूरही डीफॉल्टनुसार जर्नलमध्येच जातो, त्यामुळे लहान प्रोग्रॅमला लॉगसाठी वेगळे काही करावे लागत नाही. यात दोन खाचखळगे आहेत. पायथॉनसारख्या भाषा समोर टर्मिनल नसल्यास छापायचा मजकूर साठवून एकदम सोडतात, म्हणून नोंदी उशिराने आणि एकाच वेळेच्या शिक्क्याने येतात. दुसरे असे की, प्रोग्रॅमने चूक कळवण्याच्या मार्गाने, म्हणजे 'स्टँडर्ड एरर'वर, लिहिलेला मजकूरही डीफॉल्टनुसार ६ क्रमांकाच्या, 'इन्फो' पायरीचाच धरला जातो. त्यामुळे फक्त गंभीर नोंदी दाखवणारा '-पी एर' हा पर्याय लावून काहीच आले नाही, म्हणजे सर्व ठीक आहे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

वाचण्याच्या सोयी विपुल आहेत. '-एफ' नव्या नोंदी येताच दाखवत राहतो, '-के' फक्त कर्नेलच्या नोंदी देतो, '-बी -१' यंत्राच्या मागच्या खेपेच्या नोंदी उघडतो, आणि '--सिन्स' पुढे तारीख किंवा 'काल', 'दोन तासांपूर्वी' या अर्थाचे इंग्रजी शब्द चालतात. वेळ साठवली जाते ती विभागनिरपेक्ष आणि दाखवली जाते ती यंत्रावर ठरवलेल्या विभागानुसार. पुण्या-मुंबईत बसून परदेशातले सर्व्हर सांभाळणाऱ्यांना साडेपाच तासांचा हिशेब सतत करावा लागतो, कारण असे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर ठेवलेले असतात. तिथे '--यूटीसी' हा पर्याय सर्वांना एकाच वेळेच्या भाषेत बोलायला लावतो. लांब ओळींचा शेवट पडद्याबाहेर कापला गेल्यासारखा दिसतो तो उजव्या बाणाने सरकवून वाचता येतो, आणि चुकीचे नेमके कारण पुष्कळदा त्या शेवटातच असते.

या यंत्रणेवरचे आक्षेप तिच्या जन्माइतकेच जुने आहेत, आणि त्यांतले सगळे केवळ सवयीपोटी घेतलेले नाहीत. जर्नलच्या फाइली मजकुरी नसून बायनरी, म्हणजे केवळ ठरावीक प्रोग्रॅमलाच वाचता येतील अशा, असतात. बिघडलेल्या यंत्राची डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून '-डी' पर्यायाने त्या वाचता येतात हे खरे, पण त्यासाठी तिथेही जर्नलसीटीएल असावे लागते; मजकुरी लॉग कोणत्याही साध्या साधनाने वाचता येई. पुष्कळ डिस्ट्रोंनी अनेक वर्षे जर्नलच्या जोडीला सिसलॉगही चालू ठेवला तो याच भावनेतून. डेबियनने बाराव्या आवृत्तीपासून तो आपोआप बसवणे थांबवले. वाद सर्वांत विकोपाला गेला तोही डेबियनमध्येच. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिच्या आठ सदस्यांच्या तांत्रिक समितीत सिस्टिमडी आणि अपस्टार्ट यांना समसमान मते पडली आणि अध्यक्ष ब्डेल गार्बी यांच्या निर्णायक मताने कौल सिस्टिमडीकडे गेला. काही दिवसांतच उबुंटूने स्वतःचे अपस्टार्ट सोडण्याचे जाहीर केले. असंतुष्टांनी 'डेव्हुआन' ही वेगळी डिस्ट्रो काढली, जिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१७ मध्ये आली.

मे २०१६ मध्ये सिस्टिमडीच्या २३० व्या आवृत्तीने लॉगआउट होताच त्या वापरकर्त्याच्या सर्व प्रोसेस संपवण्याचा पर्याय डीफॉल्ट केला, तेव्हा रात्रभर गणिते चालू ठेवून घरी जाणाऱ्यांची कामे सकाळी मेलेली सापडण्याची वेळ येणार होती. अनेक डिस्ट्रोंनी तो पर्याय परत फिरवला. मार्च २०२४ चे प्रकरण यापेक्षा बोलके आहे. 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांत दडवलेला चोरदरवाजा सॉफ्टवेअर अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीस आणला. तो दूरस्थ लॉगिनची सेवा असलेल्या ओपनएसएसएचपर्यंत पोचत होता, वास्तविक तिचा एक्सझेडशी मुळात काहीच संबंध नाही. काही डिस्ट्रोंनी सेवा तयार झाल्याची वर्दी देता यावी म्हणून तिला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती आणि त्या लायब्ररीला जर्नलच्या नोंदी दाबण्यासाठी एक्सझेड लागत होते. वर्दी देण्यासाठी सॉकेटवर एक लहानसा संदेश लिहिणे पुरेसे असताना एवढा पसारा सोबत यावा, हा रचनेचाच दोष म्हटला पाहिजे. सिस्टिमडीच्या त्यानंतरच्या आवृत्त्यांनी अशा लायब्ररी गरज पडेल तेव्हाच उघडण्याची पद्धत स्वीकारली.

तरीही बायनरी लॉगवरचा राग काहीसा अस्थानी वाटतो. लॉगची नासाडी आजही अधिक करून होते ती दुसऱ्याच कारणाने: जर्नल कुठे साठवायचे याचा निर्णय न घेतल्याने. '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी असेल तर नोंदी डिस्कवर राहतात. नसेल तर 'ऑटो' या मांडणीत त्या '/रन' खाली, म्हणजे मेमरीत, ठेवल्या जातात आणि यंत्र रीस्टार्ट होताच नष्ट होतात, नेमक्या ज्या कारणाने रीस्टार्ट करावे लागले त्याच्या पुराव्यासकट. डेबियनने अकराव्या आवृत्तीपासून ही डिरेक्टरी स्वतःहून द्यायला सुरुवात केली. रेड हॅटच्या एंटरप्राइज लिनक्समध्ये कायमचा लॉग सिसलॉगच्या फाइलींत जातो आणि जर्नल तात्पुरतेच राहत आले आहे. डिस्क भरून जाईल ही भीती नको, कारण जर्नल डीफॉल्टनुसार फाइल सिस्टिमच्या दहा टक्क्यांपलीकडे आणि कोणत्याही परिस्थितीत चार गिगाबाइटपलीकडे वाढत नाही, आणि ती मर्यादा हवी तेवढी खाली आणता येते.

ज्यांच्या हाती असा एखादा सर्व्हर आहे त्यांनी आजच 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' ही आज्ञा देऊन पाहावी. पूर्वी अनेकदा रीस्टार्ट झालेल्या यंत्रावर यादीत एकच ओळ दिसली तर जर्नल मेमरीतच राहत आहे असे समजावे, '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी तयार करावी आणि 'जर्नलसीटीएल --फ्लश' देऊन आतापर्यंतच्या नोंदी तिच्यात उतरवून घ्याव्यात.